खालच्या तीन ओळी

धोंडीबा, मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणायला तुम्हाला हे जग सोडून जावं लागलं. सोळा वर्षं आपण एका छापखान्यात, एका छपराखाली काम केलं. तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, पलटणीतून परतलेले, झुबकेदार मिशांचे. आणि मी, मिसरूडही धड न फुटलेला शिंप्याचा पोर, पहिल्याच दिवशी तुम्हाला म्हणालो, “धोंडीबा, जरा ते चाक फिरव.” तुम्ही फिरवलंत. तुम्ही मला शंकरराव म्हणत राहिलात आणि मी तुम्हाला अरेतुरे करत राहिलो. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आज लिहायला बसलो तर हातातून ‘तू’ उमटेना. एवढी अक्कल यायला अकरा दिवस उशीर झाला.

माणूस गेला की लोक त्याचा जन्म, गाव, घराणं असं काहीबाही लिहितात. मला तुमचं त्यातलं काही सांगता यायचं नाही. गाव विंचूरकडचं, एवढंच ठाऊक. कधी विचारलंच नाही. मला ठाऊक आहे ते वेगळंच. मशीनचं चाक फिरवताना दर शंभर कागदांनी तुम्ही हात बदलायचात. शाईचा वास नाकात बसल्यामुळे तुम्हाला जेवणाला चव लागायची नाही, म्हणून भाकरीबरोबर मिरची नुसतीच चावून खायचात. फर्म्याच्या चौकटीत आवळलेले अक्षरांचे उलटे खिळे बघूनबघून तुम्ही सुलटं वाचायला शिकलात आणि माझ्या चुका माझ्याआधी धरायला लागलात. त्या कापडवाल्याच्या लग्नपत्रिकेत मी वराच्या जागी वधूच्या बापाचं नाव जुळवून ठेवलं होतं. कागद लागलेला, शाई लागलेली, आणि तुम्ही चाकाला हात लावून नुसते उभे. “फिरव की,” मी खेकसलो. तुम्ही म्हणालात, “फिरवतो. पण शंकरराव, ह्या पोरीचं लगीन बापाशीच लावायचं हाय का?” त्या दिवशी माझी नोकरी वाचली. उपकार मानायचे सोडून मी म्हणालो, “लई शहाणा झालास.” तुम्ही हसलात. ते हसणं आता आठवतं.

आणि पाणी. छापखान्यातल्या माठाला अस्पृश्याचा हात लागलेला मालकांना चालायचा नाही. म्हणून दुपारी तुम्ही पायरीखाली ओंजळ धरून उभे राहायचात आणि मी वरून ओतायचो. मला वाटायचं, मी केवढा चांगला, खिळे जुळवणारा दुसरा कुणी कंपोझिटर असता तर त्यानं तेही केलं नसतं. एकदा, भर वैशाखात, पाणी पिऊन हात झटकत म्हणालात, “आमच्या वस्तीत नळ आला ना शंकरराव, तर पहिल्यांदी मी त्याच्याखाली मुंडकं धरून उभा राहीन. वरून वतायला कुणी नको.” मी हसलो आणि माठावर झाकण ठेवलं.

नळ हा तुमचा ध्यासच होता. तुमची वस्ती गोदावरीच्या काठाला, घाटांच्या खालच्या अंगाला. वर सगळं गाव अंघोळी करतं, धुणी धुतं, जत्रेकरू पिंड सोडतात, आणि ते सगळं वाहत तुमच्याकडे येतं. उन्हाळ्यात तुमच्या बायका वाळूत झिरे खणून, वाटीवाटीनं पाणी भरत बसायच्या. आमच्या गल्लीत नळ येऊन जुना झाला, त्याची तोटी बदलून झाली, तरी तुमची वस्ती आपली वाळू उकरतेच आहे. तुम्ही अर्ज लिहायचात, म्युनिसिपालटीत नेऊन द्यायचात. अर्ज तिथल्या फडताळात जायचा आणि तुम्ही दुसरा लिहायला घ्यायचात.

अशात दोन वर्षांपूर्वी म्युनिसिपालटीची निवडणूक आली. आबासाहेब उभे राहिले. त्यांना नुसतं निवडून यायचं नव्हतं, प्रेसिडेंट व्हायचं होतं, आणि तशीच भाषा ते पहिल्या दिवसापासून करत होते. त्यांची सगळी छपाई आमच्याकडे. कारंज्यापाशी त्यांची सभा झाली तेव्हा आपण दोघे गेलो होतो. म्हणजे गेलो बरोबर, पण तिथे मी बाकावर बसलो आणि तुम्ही टांगे उभे राहतात तिकडे कडेला उभे राहिलात. आबासाहेब छान बोलले. “आपण सगळे एका गोदामाईची लेकरं,” म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

परतताना मी म्हणालो, “बघ, ‘आपण सगळे’ म्हणाले की नाही?”

“म्हनले,” तुम्ही म्हणालात. “पण म्हनताना हात कुठवर फिरवला ते बघितलं का तुम्ही?”

“हात?”

“डावीकडनं सुरू केला. पेढीवाल्यांवरनं, तुमच्यावरनं, माळ्यांवरनं आला आणि टांग्याच्या घोड्यापाशी थांबला. घोडं धरलं त्यांनी मोजणीत. आमी घोड्याच्या पल्याड.”

“अरे, माणसाचा हात दमतो,” मी म्हणालो. तुम्ही एवढे हसलात की वाटेवरचं कुत्रं भुंकायला लागलं. मग आपण मेनरोडभर भांडत गेलो. माझं म्हणणं, माणसानं जे तोंडानं म्हटलं ते धरावं, त्यात नसलेलं शोधत बसू नये. तुमचं म्हणणं, तोंड सगळ्यांसाठी असतं आणि हात ज्याच्या त्याच्यासाठी. ते भांडण तिथेच राहिलं, कारण तुम्हाला नदीकडे वळायचं होतं.

तरीही आबासाहेबांवर तुमचा विश्वास बसला, आणि तो बसवला आम्हीच. पत्रकाचा मजकूर आला. वर आबासाहेबांचं नाव, हुद्दे, नमस्कार करतानाच्या त्यांच्या छबीचा ठसा, आणि खाली तीन ओळी: निवडून येताच नदीकाठच्या वस्तीस सार्वजनिक नळ दिला जाईल, पहिला नळ त्याच वस्तीस, हे आमचे वचन आहे. मी खिळे जुळवले, तुम्ही चाक फिरवलंत. पहिला कागद निघाला तेव्हा ओल्या शाईवर फुंकर घालून तुम्ही तो उजेडात धरलात. “बोलनं वाऱ्यावर जातं,” तुम्ही म्हणालात. “हे छापलं. आता आबासाहेब बांधले गेले.” छापखान्यात जन्म घालवलेला माणूस छापलेल्या शब्दावर इतका भोळा कसा राहू शकतो, मला कळत नाही. मी मूग गिळून बसलो, कारण तोवर मालकांनी मला दुसरा कागद दिला होता.

वरचा अर्धा फर्मा तसाच ठेवायचा. खालच्या तीन ओळी काढायच्या आणि दुसऱ्या तीन बसवायच्या. मळेवाल्या माळ्यांसाठी एक, भाजीबाजारात दगडी ओटे बांधून देऊ म्हणून. आणि गावातल्या वरच्या गल्ल्यांसाठी एक. त्या तीन ओळी मला तोंडपाठ आहेत, कारण त्या मी जुळवल्या: ‘नवे नळ कोठे बसवावयाचे हे ठरविताना जुन्या घरंदाज रहिवाशांची सोय व शुचिता प्रथम पाहिली जाईल. ज्या गल्लीचे पाणी त्या गल्लीसच राहील. नदीकाठच्या वस्तीस नदी आहेच.’

ते छापायचं त्या दिवशी मालकांनी तुम्हाला सकाळीच नाशिकरोडला कागदाची रिमं आणायला पाठवलं. मग चाक कोणी फिरवायचं? मी फिरवलं. कंपोझिटर कधी चाकाला हात लावत नाही, ते त्याच्या इभ्रतीत बसत नाही, हे तुम्हीच मला चेष्टेनं म्हणायचात. त्या दिवशी मी शर्ट काढून फिरवलं. माझे हात भरून आले. तुम्ही रोज हे करता, हे त्या दिवशी पहिल्यांदा दंडात कळलं.

अजून एक सांगायचंय. ‘जुने घरंदाज रहिवासी’ हे शब्द जुळवताना मला बरं वाटलं होतं. आम्ही शिंपी. वरच्या गल्लीतल्या लोकांच्या बंड्या शिवताना माझ्या बापाला कधी कुणी ओसरीवर बसा म्हटलं नाही. आणि इथे छापील पत्रकात कुणीतरी एक रेघ ओढली होती आणि मी तिच्या आतल्या बाजूला होतो. का होतो? कारण तुम्ही बाहेर होतात. हे मला तेव्हा इतकं उघड कळलं नाही, पण बरं वाटलं हे खरं. पंचवटीतल्या एका फुलवाल्यानं ते पत्रक बाजारात मला दाखवून हळूच विचारलं होतं, “शंकरराव, ह्या घरंदाजांत आपण येतो का हो?” मी म्हणालो, “येतो की.” त्याचं तोंड खुललं. आणि आमच्या शेजारचे पेन्शनर काका ते वाचून म्हणाले, “भाषा बघ किती सभ्य आहे. कुणालाही नावं ठेवलेली नाहीत.”

आता एका गठ्ठ्याचं. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या वस्तीची पत्रकं तुम्ही स्वतः वाटणार होतात. मी गठ्ठे बांधत होतो. तुमच्या तोंडासमोर उभं राहून सांगायची माझी छाती नव्हती. मालक होते, आबासाहेब होते, घरी तीन पोरं होती. पण तुम्ही आठवडाभर नळ-नळ करत वस्तीत फिरत होतात आणि ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी तुमच्या गठ्ठ्यात वरच्या गल्लीची पत्रकं बांधली. मुद्दाम. मला वाटलं, हा घरी जाईल, एकटा बसून वाचेल, कळायचं ते कळेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. गठ्ठ्यात कोरी बाजू वर ठेवायची आपल्याकडे रीत, शाई डागाळू नये म्हणून. तुम्हाला दोरी सोडेपर्यंत कळणार नव्हतं.

तुम्ही दोरी घरी सोडलीच नाहीत. सोळा वर्षांत मला तुमची एवढीही ओळख झाली नव्हती. वस्तीत वाचता येणारे तुम्ही एकटे. रविवारी सकाळी तुमच्या अंगणात सगळी वस्ती पत्रं घेऊन बसायची. कुणाचा भाऊ गिरणीत, कुणाचा जावई सटाण्याला, राहीबाईंचा लेक इगतपुरीला रेल्वेत. तुम्ही पलटणीतला कोट घालून, एकेक पत्र उलगडून वाचून दाखवायचात. पलटणीमुळे वस्ती तुम्हाला हवालदार म्हणायची; ही तुमची खरी हवालदारी. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज नळाचा कागद येणार आहे. गठ्ठा मध्यभागी ठेवलात आणि सगळ्यांसमोर सोडलात.

पुढचं तेव्हा उडतउडत कानावर आलं होतं, नीट ऐकलं ते काल, राहीबाईंच्या तोंडून. तुम्ही खड्या आवाजात वरचं सगळं वाचलंत, नाव, हुद्दे. मग खालच्या तीन ओळींपाशी आलात आणि थांबलात. त्या म्हणाल्या, “थुका गिळला त्यानं. आमाला वाटलं, खोकला आला.” धोंडीबा, तुम्हाला तिथल्या तिथे काहीही म्हणता आलं असतं. नळाच्या ओळी तुम्हाला पाठ होत्या. तिथे दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही त्याच आवाजात पुढचं वाचलंत. नदीकाठच्या वस्तीस नदी आहेच. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलंत आणि कागद घडी घालून खिशात ठेवलात.

त्यात जातीचं नाव कुठेच नव्हतं. पण वस्तीत कुणी विचारलं नाही की हे कुणाबद्दल आहे. विचारलं ते असं, की तू त्याच छापखान्यात चाक फिरवतोस, मग हे तुझ्याच हातनं छापलं असणार. तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू आम्हाला नळाच्या गोष्टी सांगत फिरलास. तुम्ही म्हणालात, मी त्या दिवशी नाशिकरोडला होतो. मग चाक कुणी फिरवलं? शंकररावांनी? लोक हसले. कंपोझिटर चाक फिरवत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणीतरी म्हणालं, “शंकररावांनी इथं येऊन सांगावं, आमी मानू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते पत्रक माझ्या केसवर, खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर ठेवलंत.

“ह्या तीन ओळी तुम्ही जुळवल्या?”

“मालकांनी सांगितल्या.”

“मी ठेसनावर गेलो तवा?”

“हो.”

“आणि गठ्ठा?”

“चुकून झालं असेल,” मी म्हणालो. आणि वर, धोंडीबा, माझी मलाच शरम वाटते, मी म्हणालो, “पण एवढं काय आहे त्यात? कुठे जात लिहिलीय? दाखव मला.”

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, “जात लिवावी लागत नाय, शंकरराव. वाचनारा संगं घेऊन येतो. आमी आनली, तुमच्या गल्लीनं आनली. तुम्ही खिळे जुळवताना आनली असंल.” आणि जाऊन चाकाला तेल घालायला लागलात. त्यावर मी काय बोलायला हवं होतं, ते मला दोन वर्षं सुचतंय.

मतदानाच्या दिवशी वस्तीतलं कुणीच गेलं नाही. तुम्ही एकटे गेलात, कोट घालून. त्यानं तर तुम्ही आबासाहेबांचेच, ही लोकांची खात्रीच पटली. तुम्ही मत कुणाला दिलंत ते मी विचारलं नाही. आबासाहेब निवडून आले, प्रेसिडेंटही झाले. आभाराचं पत्रक मी जुळवलं आणि चाक तुम्ही फिरवलंत. ‘सर्व थरांतील मतदारबंधूंचे’ असं त्यात होतं. तुम्ही ते वाचलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मी केसमध्ये खिळे शोधत राहिलो.

त्यानंतर रविवारी तुमच्या अंगणात कुणी आलं नाही. लोक पत्रं घेऊन पोस्टापर्यंत चालत जायचे, पोस्टमनच्या मिनतवाऱ्या करायचे, तो हुडूत करायचा, तरी तुमच्याकडे येत नव्हते. हे मला कळलं ते तुमच्या सखूबाईंकडून, त्या डबा द्यायला आल्या होत्या तेव्हा. त्या एवढंच म्हणाल्या, “रविवारी ह्यांना करमत नाय.” मला सगळं समजलं आणि मी मान हलवली.

मग तुम्ही मला एकदा म्हणालात, फक्त एकदाच, “शंकरराव, एक डाव वस्तीवर या. च्या-पान्याचं नाय म्हनत मी. नुसते या.” तुम्ही का बोलावताय ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन वाक्यं बोलायची होती. हा त्या दिवशी नाशिकरोडला होता. चाक मी फिरवलं. संपलं. मी म्हणालो, “बघू, दिवाळीची कामं उरकली की.” तुम्ही ‘बरं’ म्हणालात. पुन्हा कधी विषय काढला नाहीत. दोन दिवाळ्या गेल्या.

गेल्या महिन्यात ताप चढला तुम्हाला आणि तुम्ही खाटेला खिळलात. मी आलो होतो, आठवतं? वस्तीवर मी आलो तो तेव्हा, पहिल्यांदा. येताना वाटेत दोन्ही वाक्यं घोकत आलो. तुमचा श्वास घरघरत होता. उशाशी बसलो आणि मी काय बोललो तर मुंबईहून नवं मशीन येणार आहे, वाफेवर चालतं, चाक फिरवायला माणूस लागत नाही. आजारी माणसाला सांगायची गोष्ट होती का ती? तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “मग आता कागद बघायला कोन ऱ्हाईल?” मी उठलो. दारात चार माणसं उभी होती, मी येऊन सांगावं म्हणणारी तीच माणसं, माझ्या तोंडाकडे बघत. मी त्यांच्यामधून वाट काढून निघून आलो.

तुम्ही गेलात. तुम्हाला पोचवायला सारी नऊ माणसं होती. त्यात एक मी, तोही चार हात मागे.

आठव्या दिवशी मालकांनी मजकूर दिला. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. आबासाहेबांना तुमची दुखवट्याची सभा घ्यायची होती, तुमच्या वस्तीत, मंडप घालून. मजकूर असा: ‘प्रेसिडेंटसाहेबांचे विश्वासू सहकारी व गत निवडणुकीतील त्यांचे निष्ठावान कार्यकर्ते धोंडीबा हवालदार यांच्या निधनाने...’ वरच्या गल्लीत हे वाचून म्हणाले असते, केवढं मोठं मन. तुमच्या वस्तीत वाचून दाखवलं असतं तर म्हणाले असते, घ्या, आता छापूनच आलं. मी अर्धं जुळवलं. ‘निष्ठावान’पर्यंत आलो. मग जुळवलेल्या ओळींचा हातातला पट्टा उलटा केला आणि एकेक खिळा केसमध्ये ज्याच्या त्याच्या खणात परत टाकला. मालक म्हणाले, “काय झालं?” मी म्हणालो, “हे माझ्यानं व्हायचं नाही.” ते म्हणाले, दुसरा कंपोझिटर मिळेल. मिळाला तर मिळो.

काल तुमचा दहावा होता. सगळं आटोपल्यावर मी तुमच्या अंगणात उभा राहिलो आणि म्हणालो, मला बोलायचंय. सांगितलं. त्या दिवशी धोंडीबा नाशिकरोडला होते. ओळी मी जुळवल्या, चाक मी फिरवलं. गठ्ठा मी बदलला, तोंडानं सांगायची हिंमत नव्हती म्हणून. धोंडीबांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तुमच्यासमोर पहिल्यांदाच वाचलं.

मला वाटलं होतं, शिव्या घालतील, अंगावर येतील. दोनतीन बाप्ये खाली बघत बसले. सखूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग त्या म्हणाल्या, “दोन वर्सं त्यांनी रविवारी कोट काढून ठिवला शंकरराव. घालायचे आनि पुन्यांदा काढून ठिवायचे.” एवढं बोलून त्या आत गेल्या. मला तिथे मरून जावंसं वाटलं, खरंच सांगतो.

राहीबाई उठल्या. वय झालंय, कंबरेत वाकल्यात. त्यांच्या हातात एक पत्र होतं, इगतपुरीच्या लेकाचं, आठ दिवसांपूर्वी आलेलं, अजून कुणी न वाचलेलं. सून बाळंतपणाला टेकलेली होती, म्हणजे त्यात काय असेल ते कळायला त्या किती उतावीळ असतील बघा. मी पटकन हात पुढे केला. म्हणालो, “द्या राहीबाई, मी वाचतो. यापुढे दर रविवारी येत जाईन मी.”

त्यांनी पत्र पदराखाली घेतलं.

“नको,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “त्यानं आमच्या तोंडावर, सवताचं नाक कापून घेत, लिवलं व्हतं तेच वाचलं. तुमी काय वाचाल, मला काय ठावं?”